पावसाळ्याआधीची बेगमी : भिरंड, करवंद आणि डोंगरावरचा रानमेवा

वैशाखात पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घराघरांत घाई असते. भिरंडे याच दिवसांत पिकतात, त्यांना वाळवणारे कडक ऊनही याच दिवसांत असते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की सगळेच थांबते. फळे काढायची, फोडायची, मिठात घालायची आणि वाळवून बरणीत भरायची, या साऱ्याला जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. वळिवाची एक मोठी सर अवेळी आली तर अंगणात पसरलेली आठवडाभराची मेहनत वाया जाते, आणि झाडावर राहिलेली फळे भिजून खाली कुजतात.

या खेपेच्या शेती व आरोग्य पानावर आम्ही याच पाच-सहा आठवड्यांच्या कामाविषयी लिहिणार आहोत. हे काम पूर्वी प्रत्येक घरी होत असे. आता अनेक घरांत सोले विकत येतात, आगळ बाटलीतून येते, आणि करवंदे तर मुलांनी पाहिलेलीही नसतात. विकत आणण्यात वाईट काही नाही. परंतु ज्या गोष्टी आपल्याच डोंगरावर पिकतात आणि ज्या टिकवण्याची विद्या आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या हातात आहे, त्या दोन्ही एकाच वेळी कमी होत आहेत. तिकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांला वाटते.

डोंगर काय देतो

पेडण्यात हरमल, मांद्रे, मोरजी ही समुद्राकाठची गावे सोडून आत वळले की मोपा, तोर्से, वारखंड, इब्रामपूर या बाजूला जांभ्या दगडाचे सडे लागतात. डिचोलीतही लाटंबार्से, मेणकुरे, मुळगाव, शिरगाव, मये या गावांना डोंगरांची पाठ आहे. सड्यावर माती थोडी. तिथे भात पिकत नाही, पण करवंदीच्या जाळ्या मात्र भरपूर वाढतात. उतारावर आणि ओहोळाच्या काठाने भिरंडाची झाडे असतात. कुळागरात माड-पोफळींच्या सावलीतही ती सुखाने राहतात.

या रानमेव्याला त्याचा क्रम आहे. उन्हाळा तापू लागला की पांढरी चुन्नां येतात, ज्यांना घाटावर तोरणे म्हणतात. एप्रिलमध्ये करवंदे हिरवी असतात, मे महिन्यात ती काळीभोर होतात. कोकणीत यांनाच कांटां म्हणतात. त्याच सुमारास जगमां आणि जांभळे. भिरंडे एप्रिलपासून जूनपर्यंत. यांतले बरेचसे पानाच्या खोल्यात भरून रस्त्याच्या कडेला किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकायला येते. विकणाऱ्या बहुधा बायकाच असतात. पहाटे डोंगर चढून, हातापायांना काटे बोचवून घेऊन त्यांनी ते गोळा केलेले असते. खोल्याचा भाव करताना एवढे लक्षात ठेवावे.

ही फळे आपल्या जेवणात आजकालची नाहीत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात करवंद आहे आणि भिरंडही आहे. पोर्तुगीजांनी भिरंडाला जो ‘ब्रिंदांव’ शब्द वापरला, तो आपल्याच शब्दावरून घेतलेला. करवंदाच्या शास्त्रीय नावातही ‘करांडास’ हे आपल्याकडचेच नाव बसले आहे.

बेगमीच्या बाजाराचेही तसेच. पास्काच्या सणानंतर सुमारे पंधरा दिवसांनी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त भरते. त्या फेस्ताला लोक पुरुमेंताची खरेदी करतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मिरची, मीठ, सोले आणि चिंच या फेस्ताला घरी येतात. त्याच दिवसांच्या आसपास, वैशाख शुद्ध पंचमीला, डिचोली तालुक्यात शिरगावला श्री लईराईची जत्रा होते. लईराई आणि मिलाग्रीस या बहिणी, असे दोन्ही समाजांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. बेगमीचे दिवस दोघींचे एकच, आणि सोलाची कढी दोन्ही समाजांच्या घरांत तीच.

सोले कशी करावीत

सोले म्हणजे भिरंडाची वाळवलेली साल. घाटावर आणि मुंबईत यांनाच आमसुले म्हणतात. कृती अवघड नाही, पण तिला चिकाटी लागते.

फळे पूर्ण पिकलेली, गडद लाल घ्यावीत. अर्धी कच्ची फळे घेतली तर सोल पातळ आणि फिकट होते. खाली पडलेली फळे चालतात, मात्र फुटलेली व किडलेली बाजूला काढावीत. फळे धुऊन कोरडी पुसावीत. मग प्रत्येक फळाचे दोन भाग करून आतला गर बियांसकट एका भांड्यात काढावा आणि साली सुपात किंवा चटईवर पसरून दिवसभर कडक उन्हात ठेवाव्यात.

गराच्या भांड्यात मीठ घालावे. प्रत्येक घरचे प्रमाण थोडे वेगळे असते. दहा किलो सालींना साधारण एक किलो मीठ धरल्यास चुकत नाही. मीठ विरघळून जो आंबट लाल रस सुटतो, त्यात संध्याकाळी दिवसभर तापलेल्या साली बुडवून ठेवाव्यात. सकाळी त्या निथळून पुन्हा उन्हात घालाव्यात. असे पाच ते सात दिवस करावे. दर दिवशी साल थोडा रस पिते आणि थोडे पाणी सोडते. हळूहळू तिचा रंग लालावरून काळपट जांभळ्यावर जातो आणि ती मऊ, चिवट होते. उन्हाचा एक दिवस चुकला तर सालींचा ढीग करून ठेवू नये. घरात पातळ पसरून ठेवाव्यात, नाही तर आतून उबतात आणि बुरशी धरते.

भांड्यांची काळजी घ्यावी. भिरंडाचा रस फार आंबट असतो. तांबे, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी त्याची रासायनिक क्रिया होते. म्हणून मातीची, काचेची किंवा चिनी मातीची भांडी वापरावीत. पूर्वीच्या बायका दगडी भांडे किंवा मातीचे मडके वापरत, त्यामागे हेच कारण होते.

तयार सोल कसे ओळखावे? म्हापशाच्या बाजारात पेडण्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या आईने सांगितलेली खूण आम्ही विसरलो नाही. “बाये, सोल हातान वळव. मोडता ता घेव नाका.” चांगले सोल वळते, मोडत नाही. मोडणारे सोल एक तर जास्त जुने असते किंवा त्याला रसाची पुटे नीट बसलेली नसतात.

आणखी एक शंका पुष्कळजणी विचारतात. बरणीतल्या सोलांवर पांढरे काही दिसले तर ते मीठ की बुरशी? मिठाचे कण बोटाला रवाळ लागतात आणि पाण्यात लगेच विरघळतात. बुरशी मऊ, कापसासारखी असते, पाण्यात विरघळत नाही आणि तिला कुबट वास येतो. मीठ असेल तर सोले खुशाल वापरावीत. बुरशी असेल तर वरचे पुसून खालचे वापरणे असे करू नये, टाकून द्यावे.

आगळ, कढी आणि सरबत

ज्यांना वाळवायला ऊन मिळत नाही, किंवा ज्यांच्या घरी पाऊस आधीच पोचला, त्यांच्यासाठी आगळ हा उत्तम मार्ग. पिकलेल्या भिरंडांच्या साली व गर बरणीत घालून वजनाच्या साधारण सहावा हिस्सा मीठ घालावे. आठवडाभर दिवसातून एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळावे. नंतर गाळून बाटल्यांत भरावे. मिठामुळे आणि स्वतःच्या आंबटपणामुळे आगळ वर्षभर टिकते. ओला चमचा घातला नाही, एवढेच पथ्य पाळावे.

सोलांची किंवा आगळाची कढी नारळाचा रस घालून करतात, ती सगळ्यांना ठाऊक आहे. नारळ नसेल तेव्हा फुटी कढी करावी. सोले पाण्यात भिजवून, चोळून, त्यात मिरची व कोथिंबीर घालून वर हिंगाची फोडणी. उन्हाळ्याच्या दुपारी भाताबरोबर ही कढी आणि तळलेला मासा असला की जेवण पुरे. माशाच्या हुमणातही सोल लागतेच. बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट माशांचा उग्रपणा ते कमी करते. सोले संपली तर कित्येक घरी ओटंबाच्या वाळवलेल्या फोडी वापरतात. ओटंब हे फणसाच्याच कुळातले आंबट रानफळ.

मुलांना आवडते ते गोड सरबत. ताज्या भिरंडाच्या अर्ध्या वाट्या घेऊन त्यांत साखर भरावी, बरणीत एकावर एक रचाव्यात आणि तोंडाला फडके बांधून बरणी आठ दिवस उन्हात ठेवावी. एक भाग सालीला दोन भाग साखर लागते. साखर विरघळून दाट लाल पाक होतो, तो गाळून ठेवावा. वरून रंग घालण्याची गरज मुळीच नाही. बाजारातल्या सरबतात कृत्रिम रंग आहे का, हे पाहायचे असेल तर पाण्यात पातळ केलेल्या सरबतात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकावी. भिरंडाचा नैसर्गिक रंग सोड्याने निळसर-काळपट होतो. लाल तसाच लाल राहिला, तर तो रंग बहुधा डब्यातला आहे असे समजावे.

बियांतले तेल

गर वापरून झाला की बिया उकिरड्यावर जातात. हे नुकसान आहे. बिया धुऊन, खडखडीत वाळवून, टरफले काढून कुटाव्यात. कुटलेला भुगा पाण्यात घालून मंद आचेवर बराच वेळ उकळावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी वर तेलाचा थर गोठलेला सापडतो. तो काढून, पुन्हा वितळवून, गाळून हाताने गोळे वळतात. हेच भिरंडेल. ते साध्या हवेत घट्ट राहते आणि ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. म्हणून कातडीवर चोळले की अंगच्या उबेने मऊ होऊन मुरते.

भातशेतीत चिखलात उभे राहणाऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात. त्यांवर भिरंडेलाइतके स्वस्त औषध नाही. रात्री पाय धुऊन, कोरडे करून, वितळवलेले तेल भेगांत भरावे. ओठ फुटले तरी चालते. पूर्वी गरीब घरांत हे तेल स्वयंपाकातही वापरत. आज तेच साबण, मलमे आणि चॉकलेट बनवणारे कारखाने विकत घेतात. ज्या बिया आपण फेकतो त्यांना बाहेर गिऱ्हाईक आहे, हे महिला मंडळांनी ध्यानात घ्यावे. एका घरच्या बिया थोड्या होतात, वाड्यावरच्या दहा घरांच्या मिळून पोते भरते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. भाजल्यावर लगेच भिरंडेल किंवा दुसरे कोणतेही तेल लावू नये. आधी भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. जखम मोठी असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

करवंदे आणि जांभळे

करवंदाचे दोन अवतार. एप्रिलमधल्या हिरव्या करवंदाचे लोणचे आणि मे महिन्यातल्या काळ्या करवंदाचा मुरंबा. हिरवे करवंद कापले की पांढरा चीक निघतो. तो काढल्याशिवाय लोणचे तुरट होते. म्हणून करवंदे ठेचून किंवा दोन भाग करून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावीत, सकाळी ते पाणी फेकून द्यावे आणि करवंदे फडक्यावर कोरडी करावीत. मग मोहरी, मिरची, हळद, हिंग आणि मीठ घालून, तेल तापवून थंड करून वरून ओतावे. तेल करवंदांच्या वर दोन बोटे असावे.

तेलाचा खर्च नको असेल तर नुसती मिठातली करवंदे करावीत. एक लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ घालून उकळावे, पूर्ण थंड करावे आणि चीक काढलेल्या करवंदांवर ओतावे. पेजेबरोबर तोंडी लावायला ही करवंदे पावसाळाभर पुरतात. श्रावणात भाजी महाग झाली की त्यांची किंमत कळते.

पिकलेल्या करवंदात घट्टपणा आणणारे पेक्टिन भरपूर असते. त्यामुळे त्याचा मुरंबा वेगळे काही न घालता जमतो. करवंदे थोड्या पाण्यात शिजवून, चाळणीतून गाळून बिया काढाव्यात आणि गराइतकी साखर घालून आटवावे. थेंब थंड ताटलीवर टाकून ती तिरपी केली असता ओघळला नाही, की झाले.

जांभळे वाळवून टिकत नाहीत. ती ताजीच खावीत. फार झाली तर रस काढून शिरका करावा.

आरोग्याच्या दृष्टीने

घरचे म्हणजे निर्धोकच, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाही. टिकाऊपणासाठी आपण ज्या दोन गोष्टी घालतो, मीठ आणि साखर, त्याच अनेक रोग्यांना वर्ज्य असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आता हिशेब पाहा. सहावा हिस्सा मीठ घातलेली आगळ मोठा एक चमचा घेतली तर तिच्यातूनच दोन-अडीच ग्रॅम मीठ पोटात जाते. म्हणजे दिवसाचे निम्मे मीठ कढीच्या एका वाटीत आले. म्हणून आगळाच्या कढीत वेगळे मीठ घालू नये. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याने आगळ टाळून, धुतलेली सोले भिजवून केलेली बिनमिठाची कढी घ्यावी. गोड सरबताच्या एका पेल्यात सहा चमचे साखर सहज जाते, तेव्हा मधुमेह असणाऱ्याने ते औषध म्हणून पिऊ नये.

जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर घेण्याची पद्धत आहे. चूर्ण घेतो म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इन्शुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तसेच वजन उतरवण्यासाठी भिरंडाच्या जातीच्या फळांचा अर्क असलेल्या गोळ्या बाजारात मिळतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. जेवणातली कढी वेगळी आणि अर्काची गोळी वेगळी.

जमेची बाजूही मोठी आहे. ताजी करवंदे, जांभळे आणि चुन्नां खाताना मुलांना क जीवनसत्त्व मिळते. भाकरी, डाळ आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला या जीवनसत्त्वाची मदत होते. वाळवताना ते बरेचसे नष्ट होते. म्हणून हंगामात ताजी फळे खावीत आणि हंगाम संपल्यावर टिकवलेली चवीपुरती वापरावीत, हेच योग्य.

दूरदेशीचा दाखला

रानफळे वाळवून कठीण दिवसांची तरतूद करणे ही केवळ आपलीच रीत नाही. कॅनडाच्या वायव्य भागात स्कीना नदीच्या खोऱ्यात गित्क्सान नावाचे आदिवासी लोक राहतात. आपल्याला चिंता पावसाची, त्यांना बर्फाची. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या बायका डोंगरावरून हकलबेरी आणि तशीच इतर लहान फळे गोळा करत, ती शिजवून, चौकटींवर पसरून, मंद विस्तवावर वाळवत आणि त्यांच्या वड्या करून हिवाळ्यासाठी पेट्यांत भरत. खाताना त्या वड्या पाण्यात भिजवून, ऊलिकन नावाच्या लहान माशाच्या तेलाबरोबर खात. आपण माशाच्या हुमणात सोल घालतो, ते माशाच्या तेलात फळ घालतात.

परंतु त्यांच्याकडून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात फळांच्या जागा बेवारशी नसत. कोणत्या डोंगरावरची फळे कोणत्या घराण्याची, हे ठरलेले असे. ते घराणे त्या जागेची निगा राखी. झुडपे जुनी होऊन फळ कमी झाले की नेमक्या ऋतूत, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली आग देऊन ती नवी करीत. पुढे सरकारी वनखात्याने आगीला बंदी केली आणि पुष्कळ जागांवर रान माजून फळे कमी झाली. या लोकांनी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे खटला चालवला. ११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात आदिवासींचा जमिनीवरचा हक्क तत्त्वतः मान्य केला.

आपल्या सड्यांवर आग लावावी, असे कोणी याचे तात्पर्य काढू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात गवताला लागलेली आग करवंदीच्या जाळ्या आणि भिरंडाची कोवळी रोपे दोन्ही जाळून टाकते. तात्पर्य एवढेच, की फळ रानातले असले तरी त्याला राखणारे कोणीतरी लागते.

डोंगरच कमी झाला तर

आपल्याकडे करवंदीला कोणी मालक समजत नाही, म्हणून ती गेली तरी कोणी हिशेब ठेवत नाही. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी उघडल्या तेव्हा डोंगराचा वरचा थर आधी गेला. करवंद, चुन्नां आणि भिरंड त्या वरच्या थरावरच उभी होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये अटींवर मुभा मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले. खाण बंद-चालू होऊ शकते, पण कापलेला डोंगर पुन्हा उभा राहत नाही.

पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्या सड्यावरची हजारो झाडे त्याआधी तोडली गेली. खाणींनी आणि विमानतळाने कित्येक घरांत पगार आणला, हे आम्ही नाकारत नाही. पगार हवाच. पण सड्यावरच्या फळांवर आणि गुरांच्या चाऱ्यावर ज्यांचा उन्हाळा निघत असे, त्यांच्या नुकसानीचा आकडा कोणत्याच कागदावर आला नाही, हेही तितकेच खरे. खोल्यातली करवंदे विकणारी बाई कुठल्याच यादीत नसते.

आपल्या परड्यात काय लावावे

मोठ्या गोष्टी आपल्या हातात नसतील, परडे तर आहे. भिरंडाचे झाड लावायला पावसाची सुरुवात हा उत्तम काळ. एक गोष्ट मात्र माहीत असावी. भिरंडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावले तर निम्मी रोपे नर निघतात, आणि हे कळायला सात-आठ वर्षे जातात. म्हणून चांगल्या मादी झाडाचे कलम लावावे. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ आणि २००६ मध्ये ‘कोकण हातीस’ या जाती प्रसारित केल्या आहेत. रोपवाटिकेत विचारताना लवकर पिकणारे कलम मागावे, म्हणजे पावसाआधी फळ हाती येते. जवळपास एखादे नर झाड असू द्यावे, नाही तर फळ धरणार नाही.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा. त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे. दोन झाडांत वीस फूट अंतर ठेवावे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि थोडी सावली द्यावी. पुढे झाड स्वतःला सांभाळते.

करवंदीला जागाही वेगळी लागत नाही. ती कुंपणाला लावावी. काट्यांमुळे गुरे शिरत नाहीत, मुळांमुळे बांधाची माती धरून राहते आणि उन्हाळ्यात फळ मिळते. पिकलेल्या करवंदाचे बी ताजे असतानाच पेरावे. वाळवून ठेवलेले बी उगवत नाही.

आणि डोंगरावर जाल तेव्हा फांदी मोडून फळे काढू नयेत. सगळी जाळी ओरबाडू नये. पक्ष्यांसाठी राहिलेली फळेच पुढच्या जाळ्या लावतात.

यंदा काय करावे

आमच्या वाचक भगिनींना एक विनंती आहे. ज्यांच्या घरी सासू, आई किंवा आजी अजून सोले करते, त्यांनी यंदा तिच्याबरोबर बसावे. मीठ किती घातले ते मापून लिहून घ्यावे, कारण तिचे माप मुठीचे असते आणि मूठ वारशाने मिळत नाही. जिथे घरी कोणी करत नाही, तिथे शेजारणीकडे जावे. महिला मंडळांनी मे महिन्यात एखादा दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून भिरंडे फोडावीत आणि बिया एकत्र वाळवाव्यात. मुलांनाही बरोबर घ्यावे. हात लाल होतात, ते दोन दिवसांत धुऊन जातात.

पुरुष मंडळींना विनंती अशी, की पहिला पाऊस पडला की परड्यात भिरंडाचे एक कलम लावावे आणि कुंपणाला मूठभर करवंदाच्या बिया टाकाव्यात. ज्या घरांनी हे काम यंदा प्रथमच केले, त्यांनी आपली मापे आणि आपले अनुभव आमच्याकडे कळवावेत. ती या पानावर छापू, म्हणजे पुढच्या वैशाखात दुसऱ्या घरांना उपयोगी पडतील.